डावा खटका

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं दुकान खटकेकाकांचं. त्याच्यापुढे डांबर संपतं, थोडी खडी लागते, आणि मग पाणीच. गळ टाकायला निघालेल्या प्रत्येकाला या दुकानावरून जावं लागे, आणि परतताना ज्याचं काही मोडलं असेल त्याला आत शिरावं लागे. काका गळ विकत नसत, काठ्या विकत नसत, आमिष तर नाहीच नाही. ते फक्त गळवाल्यांच्या पेट्या आणि पिशव्या दुरुस्त करत, आणि कोणी टाकून दिलेल्या नीट करून विकत. एवढ्याशा कामावर तुमचं भागतं कसं, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "लोकांना वस्तू नीट बंद करता येत नाही ना, म्हणून भागतं."

खटकेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. टेबलावर कोणी पेटी ठेवली की ती डोळ्यांनी बघायच्या आधी काका ती कानांनी ऐकत. दोन अंगठे झाकणाच्या दोन खटक्यांवर, खट, खट, आणि निदान तयार: "उजव्याची स्प्रिंग मेलीय. डावा अजून तुमच्या नातवाला पुरेल." हे निदान कधी चुकत नसे, आणि चुकलंच तर काका ते कबूल करत नसत, त्यामुळे हिशेब तोच.

गळवाल्यांत तिथे दोन पक्ष होते, पेटीवाले आणि पिशवीवाले. पेटीवाले म्हणत, कडक पेटीसारखी पेटी नाही. प्रत्येक गळाला आपापला कप्पा, वर पाणी उडालं तरी आत कोरडं, आणि पाय दुखले की वर बसताही येतं, पिशवीवर बसून दाखवा! पिशवीवाले म्हणत, बसायला खुर्ची आणा ना. पेटी दगडावर ठेवली की धाडकन वाजते, मासे पळतात. पिशवी कशी खांद्याला लागून गप्प राहते. यावर पेटीवाले म्हणत की, हो, गप्प राहते आणि ऐनवेळी चेन अडकते, आणि कापडात रुतलेला गळ आधी बोटाला लागतो आणि मग माशाला. मग पिशवीवाले शेवटचं हत्यार काढत: ओली पेटी एकदा घट्ट लावून ठेवा, सकाळी आतले सगळे गळ गंजून तांबडे. या वादात अजून कोणाचे संसार मोडले नव्हते, पण सोयरिकी जुळता जुळता राहिल्याचं ऐकिवात होतं.

काकांचं पोट पेट्यांवर. भिंतीला छतापर्यंत पेट्या लागलेल्या, टेबलाच्या खणात बिजागऱ्या आणि स्प्रिंगा. आणि तरी कोणी नवखा येऊन विचारू लागला, "काका, काय घेऊ, पेटी की पिशवी?" की काका मान वर न करता सांगत, "पिशवी घे." स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा असा दुकानदार दुसरा मिळायचा नाही. तरुण लोक हसत. जुने लोक मात्र हसत नसत. त्यांना कारण ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांत वरच्या फळीवर, काळ्या कापडाखाली ठेवलेलं होतं.

ती काकांच्या थोरल्या भावाची पेटी. हिरवी, कोपऱ्यांवर घासून पांढरी पडलेली.

दादा गेला कसा, हे समजायला गळवाल्यांची एक रीत माहीत हवी. पाण्याकाठी बसलेलं असताना पेटीचे दोन्ही खटके कोणी लावत नाही. एक लावायचा, एक उघडा ठेवायचा. एका हातात काठी असते, पेटी सारखी उघडावी लागते, कोण दोन-दोन खटके काढत बसणार? दोन्ही खटके लागले याचा अर्थ आवरलं, आता घरी. त्यामुळे काठावर एखादी पेटी एकटी दिसली आणि तिचा एक खटका उघडा असला, तर मालक जवळच आहे असं समजून कोणी तिला हात लावत नाही. बाकी सगळे उजवा खटका उघडा ठेवतात. दादा डावखुरा, म्हणून तो डावा ठेवायचा. त्यावरून त्याची थट्टा होई, "डावऱ्या, तुझ्या पेटीत मासेसुद्धा उलटे शिरतात का रे?"

एका संध्याकाळी तळ्यावर गेलेला दादा सकाळपर्यंत परतला नाही. शोधायला सगळ्यांत आधी धावले ते काका, दुकान तसंच उघडं टाकून. पलीकडच्या काठावर एका सपाट दगडावर पेटी होती, दादा नव्हता, काठी नव्हती. काकांनी हाका मारल्या, पाण्यात कमरेपर्यंत उतरून बघितलं, मग पेटी काखेत मारली आणि रडत रडत लोकांकडे आले. पोलीस आले, पाणबुडे उतरले. ते तळं म्हणजे मुळात जुनी खाण, खाली बुडालेली झाडं अजून फांद्या पसरून उभी आहेत, तिथे अडकलेलं वर येत नाही. पाणबुडे हात हलवत वर आले. तेव्हा सगळ्यांत जुन्या गळवाल्याची नजर जमिनीवर ठेवलेल्या पेटीवर गेली. दोन्ही खटके लागलेले होते.

"पाण्यात कशाला शोधताय," तो हळूच म्हणाला. "त्याने आवरलं होतं. आवरून निघालेला माणूस बुडत नाही."

झालं. मग वरच्या रस्त्यावरून बस जाते हे कोणाला तरी आठवलं. दादा-वहिनीचं आठवड्यापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं, हेही शेजाऱ्यांना आठवलं. कोणाच्या तरी मेव्हण्याने दादाला दुसऱ्या एका शहरात, हातात काठी घेतलेला, बघितलासुद्धा. पाणबुडे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. बुडालेल्या माणसाच्या घरी लोक डोळे पुसत येतात, पळून गेलेल्याच्या घरी कान टवकारून. वहिनीच्या घरी ते तसे आले. तिने पहिल्या महिन्यातच फोटोंमधून नवऱ्याला कात्रीने कापून काढलं, आणि तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलीला बजावलं की या घरात त्याचं नाव निघणार नाही. पुढे निघालंच तर ते विनोदात. "आमचे हे ना? जगप्रवासाला गेलेत. पत्र टाकायला टपाल खातं नसेल तिकडे," असं ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की उठून जावं कळायचं नाही.

हे सगळं लोकांना माहीत होतं. जे कोणालाच माहीत नव्हतं ते वेगळंच होतं.

काकांनी ती पेटी फळीवर ठेवली त्या दिवसापासून तिचा डावा खटका उघडत होता. सकाळी दुकानाचं शटर वर केलं, वर नजर टाकली, की डावा खटका उघडा. काकांनी तो लावायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडा. उजवा कधी हललासुद्धा नाही. काका कारागीर माणूस, पहिल्याच झटक्यात भुताला शरण जाणारे नव्हेत. स्प्रिंग ढिली असेल म्हणून त्यांनी नवी घातली. प्लास्टिक तापून फुगत असेल म्हणून पेटी भिंतीपासून लांब सरकवली. उंदीर म्हणावा तर उंदराला एवढा सराव कुठून? शेवटी अख्खा खटकाच बदलला, नवा कोरा, उघडताना नख मोडेल असा. सकाळी तोही उघडा. तेव्हापासून त्यांनी कारण शोधायचं सोडलं आणि वर कापड टाकलं. उघडा खटका म्हणजे मालक जवळच आहे. ही रीत त्यांनी लहानपणी दादाकडूनच ऐकली होती. म्हणून ते लोकांना पिशवी घ्या म्हणत. अर्धवट लागलेल्या चेनीवरून कोणी कसला अर्थ काढत नाही.

आणि एका दुपारी पुतणी दुकानात येऊन उभी राहिली. आता ती शाळकरी पोर नव्हती. शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आवाज खणखणीत, नजर ससाण्याची.

"काका, मला गळ टाकायला शिकायचंय. काय घेऊ, पेटी की पिशवी?"

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "आईला माहितेय?"

"आईला सांगून मी श्वास तरी घेते का?"

काकांनी लगबगीने एक पिशवी काढली. किती खिसे, किती हलकी, पट्टा कसा रुंद, चेन कशी मेणासारखी पळते, सगळं सांगितलं. एवढं गुणगान त्यांनी स्वतःच्या लग्नात बायकोचंसुद्धा केलं नसेल. पुतणीने शेवटपर्यंत ऐकलं आणि वरच्या फळीकडे बोट केलं.

"मला ती हवीय."

"ती नको."

"का? पळून गेलेल्या माणसाची पेटी. वापरली तर झिजणार आहे का? निदान तेवढी तरी कामाला येऊ दे त्याची वस्तू." आवाज खणखणीतच होता, पण शेवटचा शब्द तिने गिळला. मग खाली बघून म्हणाली, "मला फक्त तो बसायचा तिथे बसून बघायचंय, काका. आम्हाला सोडून जावंसं वाटावं असं काय दिसतं तिथून, ते बघायचंय."

खरं सांगायचं तर काकांनाही इतकी वर्षं तोच प्रश्न पडला होता. दादा पळून जाणारा माणूस नव्हता, हे त्यांना छातीठोक ठाऊक होतं, पण दोन लागलेले खटके त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मनावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, या पेचात माणूस म्हातारा झाला होता.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "शटर उघडायच्या आधी ये. तुला काहीतरी दाखवायचंय. बघ, आणि मग ठरव."

ती संध्याकाळ काकांनी पेटी सारखी समोर धरून काढली. दोन्ही खटके लावले, पुतणी काय म्हणेल याचा विचार केला, पुन्हा तपासले, आणि कापड टाकून घरी गेले.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. ते रस्ता चढून दुकानाच्या पायरीपर्यंत आलं होतं. काकांनी शटर अर्धंच वर केलं, दोघं वाकून आत शिरली. दिवा लावला. काकांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि कापड बाजूला केलं.

डावा खटका उघडा होता. जीभ बाहेर काढल्यासारखा.

"बघितलंस?" काका कुजबुजले. "काल मी लावून गेलो होतो. रोज लावतो. रोज असंच."

पुतणीने मागे वळून अर्ध्या शटरखालून दिसणाऱ्या धुक्याकडे बघितलं, आणि मग, शिकवणाऱ्या माणसाची सवय म्हणून, पुन्हा काकांच्या हातांकडे. ते दोन्ही हातांनी पेटी उचलून स्टुलावरून उतरत होते. पेटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिला दाखवायला बोट पुढे केलं.

बोट तसंच थांबलं. दोन्ही खटके लागलेले होते.

आजवर खटका उघडला होता, डोळ्यांदेखत लागला कधीच नव्हता. काका मागे सरकले, पाठ भिंतीला टेकली, फळीवरची एक पेटी डुगडुगली. "आपण बाहेर जाऊ," ते म्हणाले. "चल. आत्ताच्या आत्ता बाहेर चल. तो इथेच आहे."

पुतणी हलली नाही.

"काका, तो खटका तुम्ही लावलात."

"मी? मी हातसुद्धा लावला नाही त्याला!"

"लावलात. आत्ता, उतरताना. दोन्ही अंगठ्यांनी. खट, खट. मी ऐकलं."

"वेडी आहेस का? माझा हात मला कळणार नाही?"

"नाही कळत," ती म्हणाली. "कोणालाच कळत नाही. माझ्याकडे शिकून गेलेली माणसं हँडब्रेक ओढतात आणि शपथेवर सांगतात की ओढला नाही. खोटं नसतात बोलत. हाताला सवय लागली की तो विचारायला येत नाही." तिने शेजारच्या रांगेतली एक निळी पेटी उघड्या खटक्याने त्यांच्यासमोर धरली. "ही जरा त्या टोकाला ठेवा बघू."

काका चिडले होते. त्यांनी पेटी हिसकावून घेतली आणि टेबलाच्या टोकाला आदळली. खट, खट. त्यांनी खाली बघितलं. दोन्ही खटके लागलेले होते आणि त्यांचे अंगठे अजून तिथेच होते.

काका आपल्या अंगठ्यांकडे असे बघत होते की जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. पुतणी हळूहळू स्टुलावर बसली. तिच्या डोक्यात आता पुढची पायरी आली होती, आणि ती बोलून दाखवायची तिला भीती वाटत होती. पण ती बोलली.

"काका, त्या दिवशी... दगडावरून पेटी कोणी उचलली होती?"

काकांना तो दगड दिसत होता, पेटी दिसत होती, पण खटके काही केल्या दिसत नव्हते. तेव्हा त्यांनी खटक्यांकडे बघितलंच नव्हतं. ते पाण्याकडे बघत होते, हाका मारत होते. पेटी उचलली ती हातांनी, आणि हातांनी आपलं काम केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते लोक हसत हसत म्हणतात. काकांनी काखेत मारून आणली होती ती भावाची अख्खी साक्ष, आणि वाटेतच तिचं तोंड बंद केलं होतं. ज्या खटक्यावरून लोकांनी पाण्याकडे पाठ फिरवली तो दादाने लावलाच नव्हता. आणि रोज सकाळी कोणीतरी तो पुन्हा होता तसा करून ठेवत होतं, न कंटाळता, न रागावता, आणि काका रोज तो लावत होते.

म्हातारा माणूस मग टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "दादा, मला कळलंच नाही रे," एवढंच म्हणत राहिला. पुतणी उठली, तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तीही रडत होती, पण तिच्या रडण्यात वेगळंच काहीतरी होतं. इतक्या वर्षांनी तिला बाप परत मिळाला होता, आणि मिळाला तोच मेलेला.

जरा वेळाने तिने बोटाने हिरव्या पेटीचा डावा खटका उघडला आणि पेटी वरच्या फळीवर ठेवली. कापड टाकलं नाही. काका बघत राहिले, पण त्यांनी हात टेबलाखाली दाबून धरले होते.

"मी पिशवीच घेते," ती म्हणाली. "ही पेटी वापरात आहे. वापरातली उचलायची नसते ना?"

"नसते," काका म्हणाले.

मग दोघं शटर ओढून चालत वहिनीकडे निघाली. पुतणी म्हणाली, हवं तर मी एकटी सांगते. काका म्हणाले, नाही, हात माझे आहेत, तर तोंडही माझंच हवं.

वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहायची. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत पलंगावर बसली होती. दोघांचे चेहरे बघून तिने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, "काय, कोणी गेलं का? की आमचे प्रवासी आले परत?"

काका दाराशीच खाली बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. खटक्यांची रीत तिला माहीत होती, आणि इतकी वर्षं ती त्याच रीतीवर जळली होती. त्यांनी निळ्या पेटीचं सांगितलं, अंगठ्यांचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. "त्याने आवरलं नव्हतं, वहिनी. तो निघालाच नव्हता कुठे. तो डावा खटका मीच लावला. माझ्यामुळे पाणबुडे परत गेले. माझ्यामुळे तू त्याला..." त्यांनी हात जोडले. "मला काय बोलायचं ते बोल."

वहिनीच्या हातात एक टॉवेल अर्ध्या घडीत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला या घटकेला कोणाचाच राग आला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. ज्या रागाला टेकून ती इतकी वर्षं उभी होती, तो आता कोणावर टाकायचा? पुतणी तिच्याजवळ जाऊन बसली. वहिनीने तिच्याकडेही बघितलं नाही.

"म्हणजे त्या दिवशी, मी इथे बसून त्याला शिव्या देत होते," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तो खालीच होता."

"हो."

"आणि अजूनही..."

"हो, वहिनी."

मग तिने टॉवेल उलगडला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि लग्नानंतर पहिल्या वर्षीची बायको विचारते तशा आवाजात विचारलं, "पाणी फार गार असतं का हो, तिथलं?"

काकांनी त्या सकाळी कमरेपर्यंत उतरून बघितलं होतं. त्यांना खोटं बोलता आलं असतं.

"हो, वहिनी," ते म्हणाले. "फार."